गावाला शिफ्ट व्हायच्या आधी झेडपी शाळांचा डेटा बघितला: यूडायस प्लसच्या 'नो युअर स्कूल'चा रिव्ह्यू

आधी सांगते हे कोणासाठी लिहितेय. ज्यांचं मुंबई-ठाण्यातून कोकणात परत राहायला यायचं चाललंय, मुलं अजून प्राथमिकला आहेत आणि सगळं ठरूनसुद्धा शाळेपाशी गाडं अडलंय, त्यांच्यासाठी. आमचंही तसंच अडलं होतं. डोंबिवली सोडून देवगड तालुक्यात यायचं, नवऱ्याचं काम घरून होतं, सासरे गेल्यापासून आई गावाला एकट्या, कलमांकडे बघायला घरचं माणूस नाही, म्हणजे यायला कारणं भरपूर होती, पण मोठी मुलगी दुसरीत, धाकटा अंगणवाडीच्या वयाचा, आणि शाळेचं काय हा विषय निघाला की सगळे गप्प बसायचे. नातेवाइकांना विचारलं तर एकच उत्तर, झेडपीच्या शाळा बंद पडत चालल्यात, इंग्लिश मीडियमला घाला, बस रस्त्यावर येते. हे सांगणारे जवळजवळ सगळे स्वतः मुंबईत राहणारे, गावाला येणार मे महिन्यात आणि गणपतीला, म्हणजे नेमकी शाळांना सुट्टी असते तेव्हा. चालू शाळा त्यातल्या कोणीच कित्येक वर्षांत बघितलेली नव्हती. मग म्हटलं आपण आकडे बघू, सरकार दरवर्षी प्रत्येक शाळेची माहिती गोळा करतं ती कुठेतरी असणारच.

ती असते यूडायस प्लस या केंद्र सरकारच्या शाळांच्या माहितीच्या पोर्टलवर. यूडायस २०१२-१३ पासून आहे, २०१८-१९ पासून त्याचं ऑनलाइन रूप आलं ते यूडायस प्लस, आणि त्यात सामान्य माणसाला एकेक शाळा उघडून बघता येते त्या भागाला 'नो युअर स्कूल' म्हणतात. पैसे नाहीत, लॉगिन नाही. देशातल्या प्रत्येक शाळेला ११ आकडी यूडायस कोड असतो, पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्र २७), पुढचे दोन जिल्ह्याचे (रत्नागिरी ३२, सिंधुदुर्ग ३३), मग तालुका, मग गाव, आणि शेवटचे दोन त्या शाळेचे. कोड माहीत असेल तर काम एका मिनिटाचं. नसेल तर नावाने शोधायच्या भानगडीत पडू नका, कारण आपल्याकडे एकाच गावात क्रमांक १, क्रमांक २, शिवाय वाडीच्या नावाच्या वेगळ्या शाळा असतात आणि इंग्रजी स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं. मी पिनकोड टाकला आणि आजूबाजूच्या चार गावांच्या सगळ्या शाळा एकदम समोर आल्या. काही तर आईंनाही आठवाव्या लागल्या, "ही खंयची गो?" असं म्हणत त्यांनी नावं वाचली.

आता रिपोर्ट कार्डात काय असतं ते. शाळा कोणाची, कितवी ते कितवी, माध्यम, वर्गखोल्या किती आणि त्यातल्या दुरुस्तीला आलेल्या किती, मुलामुलींचे टॉयलेट आणि त्यातले चालू किती, पाणी, वीज, कंपाउंड, मैदान, लायब्ररी, कॉम्प्युटर, इंटरनेट, शिक्षक किती, कायम किती आणि कंत्राटी किती, त्यांचं शिक्षण काय, आणि वर्गवार पट. सोयीसुविधांचा भाग मी भराभर बघितला, कारण आमच्या भागातल्या बहुतेक शाळांचे ते रकाने 'हो, हो, हो' असेच भरलेले होते. पण इथे एक गोष्ट कोकणवाल्यांनी लक्षात ठेवायला हवी. ही माहिती साधारण ३० सप्टेंबरच्या स्थितीवर भरतात, आणि सप्टेंबरअखेर आपल्याकडे विहीर तुडुंब असते, पऱ्या वाहत असतो, पाणी 'आहे' म्हणजे आहेच. तीच विहीर एप्रिलमध्ये काय करते ते रिपोर्ट कार्डात येत नाही, ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो तिथल्या शाळेच्या पुढेसुद्धा पाण्याच्या रकान्यात हो असतं आणि ते खोटं नसतं. त्यामुळे पाण्याचं विचारायचं तर शाळेशेजारच्या घरात विचारा, मार्च-एप्रिलमध्ये मुलं घरून बाटली आणतात की नाही एवढंच विचारलं तरी पुरतं. दुरुस्तीच्या खोल्यांचा रकाना मात्र खरंच उपयोगी आहे, कौलारू छप्पर आणि मोठी दुरुस्ती असं दिसलं की पावसात तो वर्ग कुठे बसतो हे विचारून ठेवायचं.

'कितवी ते कितवी' हा रकाना साधा वाटतो पण आमच्या घरात सगळ्यात जास्त चर्चा त्याच्यावरच झाली. वाडीवरची शाळा बहुतेक पहिली ते चौथी असते. म्हणजे तिसरीला नाव घातलेली मुलगी दोन वर्षांत परत शाळा बदलणार. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या नियमात पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी असं आहे, पण आपल्याकडचा एक किलोमीटर जानेवारीत वेगळा आणि जुलैत वेगळा. मध्ये व्हाळ (ओढा) आहे का, त्यावर साकव (छोटा पूल) आहे का, असला तर तो कसल्या अवस्थेत आहे, हे मॅपवर कळत नाही. मी नवऱ्याला पाठवून दोन्ही रस्ते चालून बघायला लावले.

आता शिक्षकांचं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं आणि जिथे मी पहिल्यांदा पूर्ण चुकीचं वाचलं. शाळेचा पट भागिले शिक्षक, म्हणजे पीटीआर. कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक आणि साठ मुलांपर्यंत दोन असं आहे. डोंबिवलीत माझ्या मुलीच्या वर्गात पन्नासच्या वर मुलं होती, आणि इथे घराजवळच्या शाळेत १४ मुलं आणि २ शिक्षक, म्हणजे पीटीआर ७. मी नवऱ्याला रात्री उठवून सांगितलं, अरे सात मुलांमागे एक शिक्षक, एवढं तर लाखो रुपये फी भरून मिळत नाही. पण ती १४ मुलं चार इयत्तांची आहेत. दोन शिक्षक म्हणजे प्रत्येकाकडे दोन वर्ग, एकाने रजा घेतली, ट्रेनिंगला गेला, निवडणुकीच्या कामाला गेला की दुसऱ्याकडे चारही वर्ग. बहुवर्ग अध्यापन म्हणतात त्याला. म्हणून कोकणातल्या छोट्या शाळेसाठी पीटीआर बघूच नका, शिक्षक किती आणि इयत्ता किती एवढंच बघा. चार इयत्तांना दोन शिक्षक एक गोष्ट, सात इयत्तांना चार शिक्षक दुसरी गोष्ट, आणि चार इयत्तांना एक शिक्षक ही तिसरीच गोष्ट आहे, मग पट पाच असो की पंचवीस.

त्याच पानावर अजून दोन रकाने आहेत ज्यांच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. एक म्हणजे ५५ वर्षांवरचे शिक्षक किती. झेडपीचे शिक्षक ५८ ला रिटायर होतात. दोन शिक्षकी शाळेत त्या रकान्यात १ दिसला तर तुमचं मूल पहिलीत गेल्यावर चौथीत जाईपर्यंत ती जागा रिकामी होणार हे नक्की, आणि ती भरली जाईल की नाही ते पटावर, संचमान्यतेवर (पट बघून शिक्षकांच्या जागा मंजूर करतात ती) आणि पवित्र पोर्टलवरची शिक्षकभरती कधी होतेय त्यावर अवलंबून. दुसरा रकाना म्हणजे शिकवण्याशिवायच्या कामात गुंतलेले शिक्षक. आणि जमलं तर केंद्रप्रमुख आणि वरच्या अधिकाऱ्यांच्या भेटी किती झाल्या तेही बघा, वर्षभरात शून्य भेटी असतील तर मी तरी कारण विचारेन.

वर्गवार पटाचं मी काय केलं ते सांगते, कारण हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि यातूनच सगळ्यात जास्त कळलं. एकाच वर्षाचं कार्ड बघायचं नाही, मागची वर्षं निवडून तीन-चार वर्षांची काढायची आणि तिरकं वाचायचं. २०२१-२२ ची पहिली, २०२२-२३ ची दुसरी, २०२३-२४ ची तिसरी, म्हणजे तीच मुलं पुढे सरकताना दिसतात. बाजारपेठेजवळच्या पूर्ण प्राथमिक शाळेत ती ८, ८, ७ अशी होती. आमच्या वाडीच्या शाळेत ४, ४, ३. म्हणजे पट कमी आहे पण आलेली मुलं टिकतायत, पालक मध्येच काढून नेत नाहीयेत. शेजारच्या गावातल्या एका शाळेत मात्र पहिलीला ९ होती ती तिसरीत ३ राहिली, तिथे काहीतरी झालेलं आहे, शिक्षक बदलले असतील, बस सुरू झाली असेल, काय ते जाऊनच कळणार, पण जाऊन काय विचारायचं ते तरी कळलं. एक सूचना, २०२२-२३ पासून माहिती घ्यायची पद्धत बदलली, आधी शाळा वर्गाची एकूण संख्या भरायची, आता एकेका मुलाची नोंद होते. त्यामुळे त्या एका वर्षात आकडा हलला असेल तर लगेच मुलं पळाली असं समजू नका.

आणि पट कमी म्हणजे शाळा वाईट, हे आपल्या जिल्ह्यांत तरी बोलूच नये असं मला मनापासून वाटतं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली, सिंधुदुर्गाची ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर आली. तरणी माणसं मुंबई-पुण्याला, गोव्याला गेली, लग्नं तिकडे, बाळंतपणं तिकडे. वाडीत मुलंच नाहीत तर गुरुजी पट कुठून आणणार. तरी २०२३ मध्ये वीसच्या आत पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विषय निघाला तेव्हा धास्ती बसली ती अशाच वाड्यांना.

आता जे आकडे लोक शाळेच्या नावाने सांगतात पण ज्यांचा आपल्याला काही उपयोग नाही, त्यातला सगळ्यात मोठा म्हणजे दहावीचा निकाल. कोकण विभाग राज्यात पहिला, हे दरवर्षी पेपरात येतं आणि खरंच अभिमान वाटतो, २०२४ ला ९९.०१ टक्के, २०२५ ला ९८.८२, राज्याचा निकाल तेव्हा ९४.१० होता. माझ्या भावाने तर हेच सांगून विषय संपवला होता, की कोकण पहिलं असतं मग काय बघायचंय. पण कोकण मंडळ म्हणजे फक्त रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, आणि हा निकाल आहे हायस्कुलातून परीक्षेला बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलांचा. आमच्या वाडीतल्या दुसरीच्या मुलाला उतारा वाचता येतो का याचं उत्तर त्यात नाही. तसंच जिल्ह्यांच्या ग्रेडिंगचं, पीजीआय-डी म्हणून केंद्राचं ६०० गुणांचं असतं, दक्ष, उत्कर्ष, अतिउत्तम, उत्तम अशा श्रेण्या देतात, जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना ते कामाचं असेल, पण आख्ख्या जिल्ह्याच्या श्रेणीवरून मंडणगडची शाळा किंवा दोडामार्गची शाळा कशी ठरवणार.

मुलांना येतं काय, हे यूडायसमध्ये नाहीच. त्यासाठी दोन सर्वेक्षणं माहीत असू द्या. एक सरकारचं, परख राष्ट्रीय सर्वेक्षण, ४ डिसेंबर २०२४ ला झालं, तिसरी, सहावी आणि नववीचं, त्याआधी २०२१ ला नॅस, म्हणजे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण, झालं होतं. दुसरं प्रथम संस्थेचं असर, २००५ पासूनचं, ते ग्रामीण भागात घरोघरी जाऊन करतात, जिल्ह्यातली ३० गावं आणि प्रत्येक गावातली २० घरं. दोन्ही नमुना सर्वेक्षणं आहेत, जिल्ह्याचं चित्र कळतं, तुमच्या शाळेचं नाही. पण असरची वाचनाची पद्धत मला फार आवडली आणि मी तीच वापरली. एका पानावर अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. मूल कुठपर्यंत वाचतं ते बघायचं, बस्स. पाच मिनिटं लागतात आणि कुठलाही तक्ता सांगणार नाही ते कळतं.

तर मी जानेवारी २०२५ मध्ये हे सगळं वहीत उतरवलं. तेव्हा २०२३-२४ चे आकडे होते, म्हणजे सप्टेंबर २०२३ ची परिस्थिती, जवळजवळ सव्वा वर्ष जुनी. फेब्रुवारीत चार दिवस सुट्टी काढून गावाला आले, मुद्दाम मंगळवार-बुधवार धरून. आईंनी माझी वही बघितली आणि म्हणाल्या, "शाळा बघूक काम्प्युटर कशाक होयो? मास्तर बघ आनि पोरां बघ." तरी माझ्याबरोबर आल्या.

पहिली वाडीचीच शाळा. जांभ्याची भिंत, पुढे पडवी, पडवीत चपला एका ओळीत लावलेल्या. वहीत माझ्याकडे लिहिलेलं होतं २ शिक्षक. आत एकच बाई होत्या. दुसरे गुरुजी जुलैपासून तात्पुरते दुसऱ्या शाळेवर पाठवलेले, म्हणजे कामगिरीवर, तिथे कोणीच नव्हतं म्हणून. म्हणजे ज्या दिवसाची माहिती भरली त्या दिवशी ती बरोबरच असणार, फक्त आता तशी नाही, आणि मी त्या एका आकड्यावर घरात दोन आठवडे हवेत महाल बांधले होते. मला खरं सांगायचं तर रडू आलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही बसा, वर्ग बघा, मग काय ते ठरवा."

एकाच खोलीत चार गट. पहिलीची दोन मुलं चिंचोके दहा-दहाचे ढीग करून मांडत होती. चौथीतली एक मुलगी दुसरीतल्या एकाला बोट ठेवून वाचायला लावत होती आणि तो अडखळला की स्वतः न सांगता थांबत होती, हे तिला कोणीतरी शिकवलेलं आहे हे दिसत होतं. बाई तिसरीच्या तिघांना वजाबाकी शिकवता शिकवता दाराकडे बघून पोषण आहारवाल्या मावशींना डाळ किती काढायची ते सांगत होत्या, आणि टेबलावर मोबाइलवर कुठलीतरी माहिती आजच भरून पाठवा असे मेसेज येत होते. मी परवानगी घेऊन तिसरीच्या तिघांना गोष्ट वाचायला दिली. तिघांनीही वाचली. एकीने वाचून झाल्यावर पान परत दिलं नाही, घरी नेऊ का विचारलं.

दुसरी शाळा बाजारपेठेजवळची, पहिली ते सातवी, ४६ मुलं, ४ शिक्षक, आणि गेले तेव्हा चारही हजर. इथे तिसरी आणि चौथी एकत्र बसतात, शिकवणारे गुरुजी तरुण, सांगली जिल्ह्यातले, मुलांची मालवणी त्यांना आता कळते म्हणाले, सुरुवातीला मुलंच त्यांना शब्द शिकवायची. इथे तिसरीतल्या सात जणांपैकी पाच जणांनी गोष्ट वाचली, दोन उताऱ्यापर्यंत आले. गुरुजींना ते कोण दोन हे माझ्या आधी माहीत होतं, नाव घेऊन म्हणाले यांच्यावर रोज शेवटची पंधरा मिनिटं काम चालू आहे. मला ते ऐकून बरं वाटलं, वाडीच्या शाळेपेक्षा आकडा कमी असूनसुद्धा. तीन आणि सात मुलांची टक्केवारी काढून तुलना करण्यात अर्थ नसतो, एक मूल आजारी पडलं तरी टक्के खूप हलतात.

तिसरी इंग्लिश मीडियमची, खाजगी, अकरा किलोमीटरवर. यूडायसवर तिचंही कार्ड आहे, लोकांना वाटतं तिथे फक्त सरकारी शाळा असतात पण तसं नाही, खाजगी शाळांनाही माहिती भरावीच लागते. त्यात कायम आणि कंत्राटी शिक्षकांचा रकाना बघा, आणि डीएड-बीएड किती जणांचं झालंय तोही. इमारत छान, पण बस साडेसातला वाडीच्या रस्त्यावर येणार आणि मुलगी घरी पोचणार चारच्या पुढे, पावसात अजून उशीर. आणि आरटीईच्या २५ टक्के राखीव जागांतून प्रवेश प्रवेशाच्या पहिल्या वर्गालाच मिळतो, तिसरीला नाही. आम्ही त्यावर फार वेळ घालवला नाही.

मुलीला बाजारपेठेजवळच्या शाळेत घातलं. ठरवताना दोघांनाही वाईट वाटत होतं, कारण वाडीच्या बाई मला तिन्ही शाळांतल्या सगळ्यात चांगल्या शिक्षिका वाटल्या, पण त्या एकट्या आहेत, आणि मुलीला दोन वर्षांत परत शाळा बदलायला लावायची नव्हती. बाईंना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या बरोबर केलंत, पण धाकट्याला माझ्याकडे द्या.

बदलीच्या कागदांचं एक सांगून ठेवते, कारण इथे खूप जणांचे दिवस जातात. शाळा सोडल्याचा दाखला हातात आला म्हणजे झालं असं नाही, यूडायसमध्ये प्रत्येक मुलाचा ११ आकडी पेन नंबर असतो आणि जुन्या शाळेने मुलाला सिस्टिममधून सोडावं लागतं, मग नवीन शाळा ओढून घेते. दाखला घेतानाच पेन नंबर लिहून मागा आणि सिस्टिममधून सोडलं का विचारा. आणि दाखल्याला उशीर झाला तरी त्या कारणाने नवीन शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, हे आरटीई कायद्यात स्पष्ट आहे, आठवीपर्यंतच्या मुलांसाठी.

पोर्टलला मी पाचपैकी साडेतीन देईन. माहिती फुकट आणि उघडी ठेवलीये याचे पूर्ण गुण, मागची वर्षं बघता येतात याचे वेगळे. दीड कापते कारण आकडे वर्षभर मागे असतात, कामगिरीवर गेलेला शिक्षक त्यात जागेवरच दिसतो, आणि सगळं इंग्रजीत आहे. आमच्या वाडीतल्या आयांना मी कार्ड दाखवलं तर एकीलाही ते वाचता आलं नाही, आणि शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका, म्हणजे हे कार्ड ज्यांच्या हातात पाहिजे त्यांनाच ते परकं. मी आता ते मराठीत हाताने लिहून समितीच्या बैठकीला नेते, वाडीच्या शाळेचं, जिथे माझं मूल अजून नाहीये तरी. गेल्या वेळी दुसऱ्या गुरुजींना परत पाठवा असा ठराव झाला, सगळ्यांनी सह्या केल्या, बाईंनी तो केंद्रप्रमुखांकडे दिला. अजून उत्तर आलेलं नाही, पुढच्या महिन्यात आम्ही चौघीजणी गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटायला जाणार आहोत. धाकट्याचं पहिलीचं नाव दोन वर्षांनी तिथेच घालायचंय. यंदा पहिलीच्या रकान्यात २ आहेत.